अर्धा ताव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमच्या कोकणात म्हणतात; आणि असे म्हणणाऱ्या बहुतेक घरांच्या माळ्यावर कोर्टाच्या कागदांची एक पेटी असते. आमच्याही घरी ती आहे. पत्र्याची, काळ्या रंगाची, कुलूप नसलेली. चोराने न्यावे असे तिच्यात काही नाही, हे चोरालाही ठाऊक असावे.

आमचे घर आरे-वारे येथले. रत्नागिरीहून किनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे निघाले की ही दोन जुळी गावे लागतात. मधल्या चढावर उभे राहिले म्हणजे दोन्ही गावांचे किनारे एकदम दिसतात. खाली सुरूची झाडे आणि पुढे सगळा समुद्र. आज हा रस्ता डांबरी आहे आणि त्याच्या कडेला मोटारी थांबवून लोक छायाचित्रे काढतात. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते रत्नागिरीला कोर्टात जात तेव्हा पहाटे चालत निघत आणि साखरतरला होडीने खाडी ओलांडत. साखरतर या नावातच तर आहे.

रस्ता झाला, पर्यटक आले, आणि ज्या वरकस जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिचा भाव लोक गुंठ्याने सांगू लागले. मग जे सगळ्या घरांत होते ते आमच्या घरीही झाले. माझ्या आत्याने आपला हिस्सा मागितला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, विधवा आहे, मालगुंडला मुलाकडे असते. चुलतभाऊ म्हणाले, "तू मास्तर, चार अक्षरे लिहिणारा. वकील गाठ." मी रत्नागिरीला गेलो. वकीलसाहेब सभ्य होते. त्यांनी तासभर सगळे ऐकून घेतले, चहा पाजला, वकीलपत्रावर सही घेतली. निघताना मी चाचरत म्हटले, "बाकी... आपलं ते..." ते हसून म्हणाले, "ते बघू हो मास्तर. आपलीच माणसं तुम्ही." मी नमस्कार करून बाहेर आलो. एस.टी.त बसल्यावर लक्षात आले की बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा आपण भाव विचारतो, आणि इथे न विचारता सही करून आलो.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरची पेटी खाली काढली. आबांच्या पिढीने हा प्रश्न कसा सोडवला होता, ते मला पाहायचे होते. माझे रीतसर शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायदा मी शिकलेलो नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला जुने कागद वाचायची खोड असते. त्या खोडीपायी पुढचे दोन महिने मी वकिलाच्या फीचा इतिहास वाचत बसलो, आणि तो मला वाटले होते त्याहून फार रंजक निघाला.

पेशवाईत वकील हा शब्द होता, पण तो दरबारी माणसाचा. दिल्लीला किंवा हैदराबादेला पेशव्यांचा वकील असे. वतनाच्या भांडणात मात्र ज्याचे त्यानेच तोंड उघडायचे. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांनी आपापल्या तकरिरी लिहून द्यायच्या, निकाल मान्य करू असा राजीनामा आणि जामीन द्यायचा, साक्षीपुरावा गोतापुढे किंवा सरकारापुढे व्हायचा आणि मग निवाडपत्र मिळायचे. पैसा लागत नसे असे नाही. जिंकणाऱ्याने आनंदाची म्हणून हरकी द्यायची, हरणाऱ्याने खोटे भांडल्याबद्दल गुन्हेगारी. दोन्ही सरकारात जमा. रामशास्त्री प्रभुण्यांच्या निःस्पृहपणाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. पण त्यांच्या समोर उभ्या राहणाऱ्या गरीब कुणब्याची बाजू मांडायला पैसे घेऊन उभा राहणारा जाणता माणूस नव्हता, हे सांगायचे राहून जाते.

शास्त्रात मात्र अशा माणसाची सोय होती. शुक्रनीतीत त्याला नियोगी म्हटले आहे आणि त्याचे वेतनही ठरवून दिले आहे. दाव्याच्या रकमेचा सोळावा हिस्सा. रक्कम जसजशी मोठी, तसतसा हिस्सा लहान, विसावा, चाळिसावा, ऐंशीवा असा. लोभाने जास्त घेईल त्याला राजाने दंड करावा. या ग्रंथाचे आजचे रूप बरेच अर्वाचीन असावे, असे अनेक विद्वान मानतात. ते काही असो. फीची बोली आधी झाली पाहिजे आणि ती ओलांडणे हा गुन्हा आहे, एवढे शहाणपण इंग्रजांनी आपल्याला शिकवले असे नव्हे.

इंग्रजांनी केले ते असे, की वकिली हा धंदा म्हणून उभा केला. बंगाल्यात १७९३ साली कॉर्नवॉलिसच्या रेग्युलेशनाने कोर्टाने नेमलेले वकील आले. पक्षकाराने वकील धरला की चार आणे विड्याचे द्यायचे, आणि पुढची फी दाव्याच्या रकमेवर सरकारने ठरवलेल्या प्रमाणात. जास्त घेतले तर वकिली गेली. आमच्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी १८२७ ची रेग्युलेशने आली. त्यांतल्या दुसऱ्या रेग्युलेशनात वकिलांचे नियम होते, आणि फीचे कोष्टक त्याच्या पुरवणीत जोडलेले होते. म्हणजे सुरुवातीला वकिलाची फी ही जकातीसारखी होती. तिच्यात घासाघीस नाही आणि लाजही नाही.

ही गोष्ट १८४६ च्या कायद्याने बदलली. त्या कायद्याने कंपनीच्या कोर्टांतली वकिली कोणत्याही जातिधर्माच्या लायक माणसाला खुली केली, हे तर चांगलेच झाले. त्याच कायद्याने वकील आणि पक्षकार यांना फी आपापसांत ठरवून घ्यायची मोकळीक दिली. मोकळीक हा शब्द ऐकायला गोड आहे. पण मुंबईचा शेटजी फी ठरवायला बसतो आणि खाडी ओलांडून आलेला शेतकरी फी ठरवायला बसतो, तेव्हा दोघांची मोकळीक सारखी नसते. सरकारलाही हे उमगले असावे. कारण १८७९ चा वकिलांचा जो कायदा मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरकडे, लागू झाला त्यात अशी अट होती की फीचा करार लेखी हवा, त्यावर पक्षकाराची सही हवी, आणि तो पंधरा दिवसांच्या आत कोर्टात दाखल झाला पाहिजे. नाही तर तो करारच नव्हे.

आता आबांची वही.

आबांचा दावा १९३७ सालचा. शेजाऱ्याने गडगा चार हात आत सारला, त्यात दोन माड गेले, एवढेच प्रकरण. रत्नागिरीला सबजज्जाच्या कोर्टात दावा लावला. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे, वकिलांचे नाव आहे, आणि पुढे आबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे : "फी : बोलणे झाले नाही."

पुढची पाने वाचताना मला हसू यायचे आणि मग यायचे थांबायचे. "तारीख पडली. साहेब रजेवर. वकील २ रु., कारकून ४ आणे, तर १ आणा." पुढे, "तारीख पडली. समोरचे वकील आजारी. वकील २ रु." पुढे, "साक्ष झाली. वकील १० रु. मागितले, दिले." मधूनच नारळ, मधूनच आंब्याची पेटी, ज्यांची किंमत आबांनी लिहिलेली नाही. दोन वर्षांत अठ्ठ्याहत्तर रुपये गेले. दावा जिंकला, आणि तोही खर्चासह. आबांना वाटले, आता सगळे पैसे समोरच्याकडून परत येतील. हुकूमनाम्यात वकील फी म्हणून चौदा रुपये धरले होते. कारण प्रतिपक्षाकडून वसूल होते ती कोष्टकाप्रमाणेची फी. आपण वकिलाला खरोखर काय दिले, हे कोर्ट विचारत नाही. हा फरक आबांना कोणी आधी सांगितला नव्हता. बाकीच्या रकमेसाठी आजीची पुतळ्यांची माळ गेली.

त्या काळच्या वकिलाच्या पडवीत आबांच्या शेजारी कोण बसत असेल, याचा मी विचार करतो. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. एका खांबाला टेकून खोत, दुसऱ्याला टेकून त्याचे कूळ. मूळचे याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे, आणि १९२३ पासून मुंबईत बॅरिस्टरी करणारे डॉ. आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडले ते १७ सप्टेंबर १९३७ रोजी, म्हणजे आबांच्या दाव्याच्याच साली. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर खोताला वकील परवडत होता आणि कुळाला परवडत नव्हता, एवढ्या एका गोष्टीने किती शेते इकडची तिकडे झाली असतील! ज्याच्यापाशी आबांसारखे दोन माडसुद्धा नव्हते, त्याने "फी किती?" हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारला असेल?

मोठ्यांनाही हा प्रश्न सुटला नव्हता. गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन मुंबईत आले तेव्हाची हकीगत त्यांनी आत्मकथेत दिली आहे. स्मॉल कॉज कोर्टातला पहिला खटला, फी तीस रुपये. गिऱ्हाईक आणून देणाऱ्या दलालाला दस्तुरी द्या, असे सगळे सांगत होते; त्यांनी दिली नाही. कोर्टात उभे राहिले, डोके गरगरले, तोंडून शब्द फुटेना. खाली बसले, पक्षकाराच्या माणसाला सांगितले की फी परत घ्या आणि पटेलांना द्या. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. काम झाले नाही तर फी परत, हा नियम त्या तरुण बॅरिस्टराला कोणा पुस्तकाने शिकवला नव्हता.

मुंबईच्या हायकोर्टात तर बॅरिस्टरची फी मोहरांत मोजत. मोहोर म्हणजे पंधरा रुपये. पक्षकार बॅरिस्टरला भेटायचा तो सॉलिसिटरमार्फत, आणि सॉलिसिटरच्या बिलाबद्दल वाद झाला तर ते तपासून छाटायला हायकोर्टात टॅक्सिंग मास्टर नावाचा अधिकारी असे. ही दुहेरी पद्धत १९७६ च्या कायदेदुरुस्तीने संपली. बॅरिस्टर फी मागत नाही, ती मानधन म्हणून येते, आणि न आली तर तो दावा लावू शकत नाही, अशी विलायतेची जुनी रीत होती. ऐकायला थोर, पण तिची दुसरी बाजू अशी की बॅरिस्टरने काम बिघडवले तरी त्याच्यावरही दावा नाही. हिंदुस्थानात १९२६ च्या फीच्या कायद्याने दोन्ही गाठी एकदम सोडवल्या. वकिलाने पक्षकाराशी फी ठरवावी, ती बुडाली तर कोर्टात मागावी. आणि हयगय केली तर पक्षकारालाही त्याला कोर्टात खेचता येईल. फीचा हक्क आणि कामाची जबाबदारी एकाच कायद्याच्या पोटात ठेवली, हे मला फार आवडले.

आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य? ते स्वतः १८७९ चे एल्‌एल्.बी.; वकिलीची सनद घेऊन पैसा मिळवण्याऐवजी त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवून चरितार्थ केला. सर व्हॅलेंटाईन चिरोलवर त्यांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. टिळकांचे वकील सर जॉन सायमन, चिरोलचे सर एडवर्ड कार्सन. १९१९ च्या फेब्रुवारीत दावा फेटाळला गेला, आणि विलायतेच्या रिवाजाप्रमाणे समोरच्याच्या वकिलांचा खर्चही हरणाऱ्याच्या डोक्यावर आला. तो भार हलका करायला इकडे लोकांनी वर्गणी जमवली. टिळकांसाठी महाराष्ट्राने वर्गणी काढली. आबांसाठी आजीने माळ काढली. प्रमाण वेगळे, गणित तेच.

पेटीतला दुसरा कागद सांगायचा राहिला. शेजाऱ्याने जिल्हा कोर्टात अपील केले, आणि या खेपेस आबांनी दुसरे वकील धरले. कोण ते मी सांगत नाही. त्यांची पिढी आता नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत अर्धा ताव घेतला आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहून दिले :

"१. अपिलाची फी रुपये पंचवीस. पैकी पंधरा आज, दहा सुनावणीच्या आधी. २. स्टॅम्प, नकला वगैरे खर्च वेगळा. त्याचा जमाखर्च व पावत्या दिल्या जातील. ३. तारीख पुढे गेल्यास जादा फी नाही. ४. कामाची हकीकत पत्राने कळवीन. आपण प्रत्येक तारखेस येण्याची जरुरी नाही. ५. मोजणी आपल्याविरुद्ध जाते असे माझे मत आहे. निकालाची हमी देत नाही. ६. काम संपल्यावर सर्व कागद परत."

खाली सही. आबा अपील हरले. दोन माड गेले. आणि तरीही आबांनी हा कागद घडी घालून, मेणकापडात गुंडाळून, जिंकलेल्या हुकूमनाम्याच्या वर ठेवला. आजी म्हणायची, "जिंकलो तेव्हा माझी माळ गेली, हरलो तेव्हा माड गेले. माडांचं इतकं वाईट नाही वाटलं. ते जातील, हे त्या वकिलांनी आधी सांगितलं होतं."

गेल्या दोन महिन्यांत मी जे वाचले त्याच्याशी हा अर्धा ताव ताडून पाहिला, आणि आश्चर्य वाटले. देशातला कायदा एकेका कलमाने त्याच्याजवळ येत गेला आहे. पाचवे कलम घ्या. मुंबईच्या एका वकिलाने १९५२ साली पक्षकाराशी करार केला की जे वसूल होईल त्यातला निम्मा हिस्सा माझा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९५४ च्या निकालात त्या वकिलाचा उल्लेख नुसत्या 'जी' या अक्षराने आहे. सामान्य माणसांनी असा करार केला तर तो बेकायदा नसेलही, पण वकिलाने निकालात भागीदार होणे हे त्याच्या धंद्याला शोभत नाही, असे ठरले. त्यांची वकिली सहा महिने बंद झाली. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाखाली बार कौन्सिलने केलेल्या नियमांतही हेच आहे : निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळकतीत वाटा घ्यायचा नाही. दुसरे कलम घ्या. पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवायचा आणि मागेल तेव्हा त्याची नक्कल द्यायची, हाही आता नियम आहे. सहावे कलम घ्या. भोपाळच्या एका सहकारी बँकेचे कागद तिच्या वकिलाने फी थकली म्हणून अडकवून ठेवले होते. सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितले की पक्षकाराचे कागद म्हणजे सावकाराकडचा गहाण माल नव्हे. फीसाठी वेगळा दावा लावा, कागद परत करा.

मुंबईतल्या मोठ्या वकिली कंपन्या पहिल्याच भेटीत पक्षकाराला पत्र देतात. कोणते काम करू, कोणते करणार नाही, तासाचा दर काय, खर्च कोणाचा, हे सगळे त्यात असते. ते पत्र इंग्रजीत, जाड कागदावर आणि कित्येक पानांचे असते. त्यातले सार या अर्ध्या तावावर आहे. मला वाटते, पैशाची गोष्ट आधी उघड बोलणे म्हणजे हलकेपणा, ही समजूत ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच परवडते. गरिबाच्या दृष्टीने ते बोलणे हेच पहिले न्यायदान आहे. आबांना लुबाडले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी विचारले नाही आणि समोरच्याने सांगितले नाही. त्या दोन मौनांमध्ये आजीची माळ नाहीशी झाली.

हे सगळे वाचताना एक कायदा मला असा भेटला की माझी झोप उडाली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा. १९९५ च्या नोव्हेंबरात तो लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यांचे उत्पन्न किती, हेही विचारायचे नाही. म्हणजे माझ्या आत्याला मिळतो. १९५६ च्या कायद्याने मुलगी बापाची वारस झाली, २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीला आली. पण तो हिस्सा मागायला लागणाऱ्या वकिलाचे पैसे तिने आणायचे कुठून, याचे उत्तर या तिसऱ्या कायद्यात होते. आणि ते तिला ठाऊक नव्हते. ते ठाऊक झालेला आमच्या घरातला पहिला माणूस मी, समोरच्या बाजूचा.

चार दिवस मी ते कोणाला बोललो नाही. चुलतभाऊ म्हणाले असते, मास्तर, तुला कोणी शहाणपण सांगितले होते? पाचव्या दिवशी मालगुंडला गेलो. आत्या अंगणात सोललेल्या सुपाऱ्या वाळत घालत होती. मी तिला सगळे सांगितले. रत्नागिरीच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे अर्ज कर, तुला एक पैसा पडणार नाही. लोकअदालतीत आपसात मिटले तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते.

तिने हातातले सूप खाली ठेवले.

"आणि तुझ्या वकिलाला किती द्यायचे रे?"

"बोलणं झालं नाही."

ती इतकी हसली की सून आतून बाहेर आली. मग डोळे पुसत म्हणाली, "आबांचाच नातू तू. आईच्या गळ्यात ती माळ मी कधी पाहिली नाही, नुसती ऐकली. जा, आधी बोलून ये. मग माझ्याशी भांड."

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला गेलो. आबांच्या तावाची नक्कल वकीलसाहेबांपुढे ठेवली आणि म्हटले, "साहेब, राग मानू नका. मला असं लिहून हवं." त्यांनी ती दोनदा वाचली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कागद ओढला आणि लिहायला लागले. पहिल्या कलमात त्यांनी जो आकडा घातला तो पाहून माझ्या तोंडचे पाणी पळाले. पण निदान ते खुर्चीत बसल्या बसल्या पळाले, दोन वर्षांनी नव्हे.

तो कागद मी चुलतभावांना वाचून दाखवला, आणि त्याच्या शेजारी आत्याच्या हिश्श्याची किंमत लिहिली. बराच वेळ कोणी बोलले नाही. दिवाळीनंतर आम्ही सगळे आत्याला घेऊन एकत्र बसणार आहोत. काय ठरेल ते आज सांगता येत नाही. निकालाची हमी मीही देत नाही. नवा कागद मी पेटीत टाकला आहे, आबांच्या अर्ध्या तावावर.